संरक्षण आणि संशय : 'शॅटर्ड बॉन्ड्स' आणि पालावरचे कुटुंब

डोरोथी रॉबर्ट्स या अमेरिकन विधिज्ञ विदुषींचा 'शॅटर्ड बॉन्ड्स : द कलर ऑफ चाइल्ड वेल्फेअर' हा ग्रंथ 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील बालकल्याण यंत्रणा आणि तेथील कृष्णवर्णीय कुटुंबे यांच्या संबंधाची चिकित्सा हा त्याचा विषय होय. ग्रंथातील युक्तिवाद एका विषम प्रमाणापासून सुरू होतो. त्या काळी देशातील एकूण बालकांत कृष्णवर्णीय बालकांचा वाटा सुमारे 17 टक्के होता. फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे शासनाने आईवडिलांपासून काढून इतरांच्या हवाली केलेल्या मुलांमध्ये, हाच वाटा 42 टक्के होता. कृष्णवर्णीय मातापित्यांच्या क्रौर्याने ही तफावत स्पष्ट होत नाही. कारण यंत्रणेकडे येणारी बहुसंख्य प्रकरणे मारहाणीची नसून हेळसांडीची असतात, आणि हेळसांड या शीर्षाखाली जे नोंदले जाते ते पुष्कळदा दारिद्र्यच असते, असे रॉबर्ट्स यांचे प्रतिपादन आहे. घर अपुरे आहे, आई कामावर गेली असता मूल एकटे राहते, आजारपणात दवाखान्यापर्यंत जाण्याची ऐपत नाही, या गोष्टी सुस्थित श्वेतवर्णीय कुटुंबात अडचणी ठरतात. कृष्णवर्णीय कुटुंबात त्याच गोष्टींवरून पालकत्वाची अपात्रता सिद्ध केली जाते.

या ग्रंथाचे वाचन अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे 2024 च्या नामांतरापूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याच्या, संदर्भात करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे. श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पारनेर या तालुक्यांत गावाबाहेर, गायरानाच्या कडेला पारधी कुटुंबांची वस्ती आढळते. जात आणि वंश या संकल्पना एक नव्हेत हे येथे मान्यच आहे. भारत शासनाने आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवर हा भेद आग्रहाने मांडला आहे. तथापि वांशिक भेदभाव निर्मूलनविषयक संयुक्त राष्ट्रसंघाच्या समितीने 2007 मध्ये भारताच्या अहवालावर अभिप्राय देताना विमुक्त जमातींचा प्रश्न विचारात घेतला आणि सराईत गुन्हेगारविषयक कायदा रद्द करण्याची शिफारस केली. तुलनेचा आधार कातडीचा रंग हा नाही. विशिष्ट समूहात जन्म झाला एवढ्यावरून माणसाच्या चारित्र्याविषयी, आणि म्हणून त्याच्या पालकत्वाविषयी, धरला जाणारा पूर्वग्रह हा तो आधार आहे.

कायद्याने तोडलेली मुले

गुन्हेगार जमाती कायदा 1871 मध्ये अस्तित्वात आला, हे सर्वपरिचित आहे. त्या कायद्याचा मुलांशी असलेला संबंध मात्र अभ्यासकांच्या चर्चेत नेहमी मागे पडतो. 1897 च्या दुरुस्तीने प्रांतिक सरकारांना 4 ते 18 वर्षे वयाच्या मुलांसाठी स्वतंत्र सुधारवसाहती काढण्याचा अधिकार मिळाला. 1911 च्या कायद्याने या जमातींच्या मुलांना आईवडिलांपासून वेगळे करून औद्योगिक, शेतकी अथवा सुधारशाळांत ठेवण्याची तरतूद केली. 1924 च्या एकत्रित कायद्यातही ती कायम राहिली. या तरतुदीचा बारकाईने विचार केला तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. मुलाने गुन्हा केला असण्याची तेथे अट नाही. आईने अथवा वडिलांनी मुलाला छळले, उपाशी ठेवले, टाकून दिले, अशीही अट नाही. मूल अधिसूचित जमातीतील व्यक्तीचे आहे, एवढे पुरेसे होते. बालसंरक्षणाच्या कायद्यात एरवी जो पुरावा अपेक्षित असतो त्याची जागा येथे जन्माने घेतली.

यामागील विचार वैद्यकीय भाषेत मांडला जात असे. मुक्तिफौजेचे फ्रेडरिक बूथ-टकर यांनी आपल्या पुस्तिकेसाठी 'क्रिमिनोक्युरॉलॉजी' असा शब्दच घडविला. गुन्हेगारी हा रोग, वसाहत हे रुग्णालय आणि आईवडील हे संसर्गाचे मूळ, अशी ही कल्पना. मोठी माणसे बरी होतील की नाही याविषयी शंका असली तरी मूल वेळीच दूर केले तर वाचेल, असा तिचा निष्कर्ष. अशा योजना राबविणाऱ्यांपैकी अनेकांच्या हेतूविषयी संशय घेण्याचे कारण नाही. किंबहुना त्यांच्या सद्हेतूमुळेच या प्रश्नाचे परीक्षण अवघड होते. ऑस्ट्रेलियातील आदिवासी मुलांच्या सक्तीच्या विलगीकरणाचा 'ब्रिंगिंग देम होम' हा अहवाल 1997 मध्ये आला आणि फेब्रुवारी 2008 मध्ये तेथील पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत क्षमा मागितली. तेथेही मुले नेणाऱ्यांची भाषा मुलांच्या कल्याणाचीच होती. भारतात गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी संपुष्टात आला. त्या कायद्याखाली झालेल्या ताटातुटीबद्दल मात्र येथे अशी क्षमायाचना झाली नाही.

मुंबई इलाख्यात वसाहतींचा कारभार पाहणारे अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट यांच्याच अध्यक्षतेखाली 1928 मध्ये दलितवर्ग व आदिवासी यांच्या स्थितीचा विचार करणारी समिती नेमली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते आणि 1930 मध्ये तिचा अहवाल आला. शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे हा समितीच्या शिफारशींचा महत्त्वाचा भाग होता. गुन्हेगार ठरविलेल्या जमातींची वसाहत आणि मागासवर्गीयांचे वसतिगृह या दोन संस्था एकाच काळात, काही अंशी त्याच प्रशासकीय हातांतून घडत होत्या, हे महाराष्ट्रातील कल्याणकारी धोरणाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी अधिक गांभीर्याने घ्यावयास हवे. दोहोंची इमारत दिसायला सारखी असू शकते. एकीचा पाया अविश्वासावर होता, दुसरीचा आकांक्षेवर.

उलटा क्रम

रॉबर्ट्स यांची मांडणी महाराष्ट्राला जशीच्या तशी लावण्यात मोठी अडचण आहे, आणि ती नजरेआड करून केलेली तुलना केवळ शब्दांची होईल. अमेरिकेत कृष्णवर्णीय मुले दीर्घकाळ कल्याणसेवांच्या बाहेरच ठेवलेली होती. दुसऱ्या महायुद्धापर्यंत त्या सेवा प्रामुख्याने श्वेतवर्णीयांसाठी होत्या. कृष्णवर्णीयांचा त्यांत प्रवेश होऊ लागला तसतसे सेवांचे स्वरूपच पालटले. कुटुंबाला साहाय्य करण्याऐवजी मूल काढून घेण्यावर भर आला. 1996 मध्ये गरीब मातांना मिळणाऱ्या रोख साहाय्याचा हक्क संपविण्यात आला. पाठोपाठ 1997 च्या दत्तक व सुरक्षित कुटुंब कायद्याने मूल मागील 22 महिन्यांपैकी 15 महिने फॉस्टर केअरमध्ये राहिले तर, काही अपवाद वगळता, पालकांचे हक्क कायमचे संपविण्याची कार्यवाही राज्यांवर बंधनकारक केली. मूल घरी सांभाळण्यासाठी मिळणारा पैसा आटला आणि मूल दुसऱ्याला देण्यासाठीचा पैसा वाढला. या दोन कायद्यांची सांगड घालणारा भाग ग्रंथात सर्वाधिक प्रत्ययकारी उतरला आहे.

येथील क्रम याच्या उलट आहे. आधी कायद्याने केलेले विलगीकरण, मग 1952 नंतर शासनाची दीर्घ अनुपस्थिती. पालावरच्या मुलाला आज शासन सहसा उचलून नेत नाही. बहुतेक वेळा ते त्याच्याकडे पाहतच नाही. म्हणून अतिहस्तक्षेप हा शब्द येथे पुरेसा नाही. तरीही शासन जेव्हा केव्हा पाहते, तेव्हा ते कोणत्या नजरेने पाहते हा प्रश्न उरतोच. आणि त्या नजरेचे विश्लेषण करण्यासाठी रॉबर्ट्स उपयोगी पडतात.

बालन्याय कायद्याच्या परिभाषेचा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. 1986 च्या कायद्यात 'उपेक्षित' बालक अशी संज्ञा होती. 2000 च्या कायद्याने तिच्या जागी 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' ही अधिक सुसंस्कृत संज्ञा आणली आणि 2015 च्या कायद्याने ती चालू ठेवली. संज्ञा बदलली, निकषांचा गाभा फारसा बदलला नाही. ज्याला घर किंवा राहण्याचे निश्चित ठिकाण नाही व उपजीविकेचे उघड साधन नाही, जे भीक मागताना आढळले, जे रस्त्यावर राहते, असे मूल या व्याख्येत येते. यांतील प्रत्येक निकष स्वतंत्रपणे पाहिला तर समंजस वाटतो. पारधी कुटुंबाला तो लावला की त्याचे स्वरूप पालटते. शिकारीवरील निर्बंधांनी पारंपरिक व्यवसाय गेला, गायरानावरील पाल अतिक्रमण ठरून उठविले गेले, चोरीच्या तपासात पुरुष संशयावरून धरले गेले. निश्चित ठिकाण नसणे आणि उघड साधन नसणे ही जी स्थिती शासनाच्या आणि गावाच्या वर्तनातून निर्माण झाली, तीच पुढे कुटुंबाच्या उणिवेचा पुरावा म्हणून समितीपुढे येते. 1959 च्या मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियमाने तर गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे अथवा वस्तू विकण्यास पुढे करणे या बहाण्याने मागितलेली भिक्षाही व्याख्येत घेतली होती. भटक्यांच्या बहुतेक कला आणि व्यवसाय एका वाक्यात बसविण्याची ही विधिमंडळाची हातोटी विलक्षणच म्हणावी लागेल. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये, दिल्लीत लागू असलेल्या या अधिनियमातील अनेक तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या.

पूर्वग्रह कायद्याच्या कलमात दिसत नसला तरी नमुन्यांत दिसतो. बालन्याय आदर्श नियम, 2016 मधील सामाजिक अन्वेषण अहवालाच्या नमुन्यात कुटुंबीयांच्या गुन्ह्यांतील सहभागाचा इतिहास विचारलेला आहे. सामान्य कुटुंबाच्या बाबतीत हा रकाना रिकामा राहतो किंवा एखादी घटना नोंदवितो. ज्या समाजातील पुरुषाची अटक ही पुष्कळदा तपासाची पहिली पायरी असते, त्या समाजातील मुलाच्या कागदपत्रांत हाच रकाना भरलेला असतो. पोलीस ठाण्यातील संशय कोणत्याही दोषसिद्धीवाचून बालकल्याण समितीच्या टेबलावर पोहोचतो. सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 च्या निर्णयात तुरुंग नियमावल्यांमधील जातीय भेदभावावर बोट ठेवताना विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानण्याच्या प्रवृत्तीचीही दखल घेतली. तुरुंगाच्या नियमावलीविषयी जे परीक्षण झाले ते बालकल्याणाच्या नमुन्यांविषयी व्हावयाचे आहे.

याच जिल्ह्यातील दुसरे स्थलांतर शेजारी ठेवले की मुद्दा अधिक स्पष्ट होतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बाहेर पडतात आणि सहा महिने कोपीत राहतात. त्यांच्याही मुलांना त्या काळात निश्चित घर नसते, शाळा सुटते, लहानांना मोठी भावंडे सांभाळतात. या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली, 2021 मध्ये शासनाने संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृह योजना जाहीर केली. या योजनांची अंमलबजावणी किती अपुरी आहे हा वेगळा विषय. येथे महत्त्वाचे आहे ते गृहीतक. ऊसतोड कुटुंबाचे स्थलांतर ही श्रमाची अपरिहार्यता मानली जाते. मुलाला गावी ठेवून हंगाम संपताच ते आईवडिलांकडे परतणार हे धरूनच योजना आखली जाते. या मातापित्यांना कोणी अपात्र म्हणत नाही, आणि म्हणू नयेच. पारधी कुटुंब तितकेच महिने तितक्याच उघड्यावर राहिले तर त्याला 'भटकणे' हा शब्द लागतो. दारिद्र्य दोहोंकडे सारखेच असूनही एकाला मजूर आणि दुसऱ्याला संशयित ठरविणारी जी गोष्ट मध्ये येते, तिलाच रॉबर्ट्स आपल्या समाजात वर्ण म्हणतात.

आक्षेप

रॉबर्ट्स यांच्या भूमिकेला अमेरिकेतच सबळ विरोध झाला. हार्वर्डच्या विधी-प्राध्यापिका एलिझाबेथ बार्थोलेट यांनी 'नोबडीज चिल्ड्रेन' या 1999 च्या ग्रंथात आणि नंतरच्या लेखनात असा युक्तिवाद केला की दारिद्र्य व वंचना जेथे अधिक तेथे मुलांवरील अत्याचारही प्रत्यक्षात अधिक असतात. प्रमाण विषम दिसते म्हणून हस्तक्षेप थांबविला तर त्याची किंमत कृष्णवर्णीय मुलेच मोजतील. हा आक्षेप हलका नाही, आणि अहिल्यानगरच्या संदर्भात तर नाहीच. 2022 मध्ये नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले मेंढ्या वळण्यासाठी तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यात ठेवली गेल्याचे एका मुलीच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. काही मुले अल्प रकमेच्या आणि एखाद्या मेंढीच्या मोबदल्यात दिली गेली होती. अशा वेळी कुटुंबाचे पावित्र्य हा मुद्दा पुढे करणे म्हणजे मुलाशी द्रोह करणे होय. बालविवाह, जातपंचायतीचा जाच, मद्यपी पित्याची मारहाण यांपासून पालावरच्या मुलीला संरक्षण मिळण्याचा हक्क इतर कोणत्याही मुलीइतकाच आहे, आणि विमुक्तांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी या गोष्टींकडे डोळेझाक केल्याची उदाहरणे आहेत.

मात्र कातकरी मुलांच्या प्रकरणातून बार्थोलेट यांचा निष्कर्ष पूर्णतः निघत नाही. त्या मुलांचे आईवडील क्रूर होते म्हणून मुले गेली नाहीत. ती कर्ज आणि भूक यांच्यापोटी गेली. पोलीस आणि समिती पोहोचली ती शेवटी. तत्पूर्वीच्या टप्प्यावर त्या वाडीवर रोजगार आणि धान्य नियमित पोहोचले असते तर सुटकेची वेळ कदाचित आली नसती. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने 2009 मध्ये स्वीकारलेली पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वे हेच सांगतात : केवळ दारिद्र्य हे मूल कुटुंबापासून दूर करण्याचे कारण असू नये, ती कुटुंबाला मदत देण्याची खूण समजावी. 2015 च्या बालन्याय कायद्यातही संस्थात्मक निवास हा अखेरचा उपाय असल्याचे तत्त्व नमूद आहे. परदेशी यंत्रणेने भारतीय मूल नेले तर हे तत्त्व आपल्याला तत्काळ आठवते. नॉर्वेत 2011 मध्ये एका भारतीय दांपत्याची मुले तेथील बालकल्याण खात्याने ताब्यात घेतली तेव्हा देशभर क्षोभ उसळला, परराष्ट्र खात्याने हालचाल केली आणि 2023 मध्ये त्यावर चित्रपटही आला. हाताने भरविणे, मुलांना जवळ घेऊन झोपणे या सवयींकडे परकी संस्था दोष म्हणून पाहते याचा संताप रास्तच होता. पालावरच्या आईच्या सवयींकडे आपल्याच संस्था कशा पाहतात, याविषयी तसा क्षोभ उसळलेला नाही.

रॉबर्ट्स यांनी 2022 च्या 'टॉर्न अपार्ट' या ग्रंथात अधिक टोकाची भूमिका घेऊन ही यंत्रणाच मोडीत काढावी असे म्हटले आहे. जेथे यंत्रणा मुळात अर्धीमुर्धी आहे, तेथे ही मागणी अप्रस्तुत ठरते. शिवाय तिला एक अंतर्गत उत्तर मराठी साहित्यातच मिळते, आणि तेही याच जिल्ह्याच्या मातीतून. दया पवार यांचे 'बलुतं' 1978 मध्ये प्रसिद्ध झाले. अकोले तालुक्यातील धामणगावच्या या लेखकाच्या आत्मकथनात संगमनेरच्या बोर्डिंगचे दिवस येतात. महारवाड्यापासून दूर नेणारे ते बोर्डिंग मुलाची ताटातूट करते, घराविषयी एक परकेपणही मनात रुजविते. पण त्याच्यावाचून ते पुस्तक लिहिले गेले नसते. साताऱ्यात 1924 मध्ये वसतिगृह काढणाऱ्या भाऊराव पाटलांनाही मूल घरापासून दूर न्यावे लागलेच. घरापासून दूर राहणे हे स्वतः अन्यायकारक नाही. दलित आणि विमुक्तांच्या कित्येक पिढ्यांनी ते हेतुपुरस्सर, पदराला खार लावून, स्वीकारले.

मराठी समीक्षेने या आत्मकथनांचे वाचन बहुधा शाळेकडे जाणाऱ्या मुलाच्या बाजूने केले; मागे राहिलेली आई ही करुण पार्श्वभूमी ठरली. रॉबर्ट्स यांच्या ग्रंथाने लक्ष वेधले जाते ते या मागे राहिलेल्या व्यक्तीकडे. बोर्डिंगमधला मुलगा सुटीत घरी येतो, आईच्या हातची भाकरी खातो, तिच्याविषयी लाज वाटली तर त्या लाजेचा हिशेब पुढे लेखनात करतो. वसाहतीच्या सुधारशाळेतील मुलाला आई ही विसरण्याची गोष्ट म्हणून शिकविली जात होती. आश्रमशाळा, बालगृह, स्वयंसेवी संस्थेचे निवासी केंद्र यांच्याविषयी विचारण्याचा प्रश्न येथून निघतो. पारधी मुलांसाठी जिल्ह्यात चालणाऱ्या निवासी प्रयत्नांपैकी जेथे आईवडील बिनदिक्कत येऊन बसतात, मुलाच्या पारधी बोलीला शिक्षक हसत नाही आणि सणाला मूल पालावर जाते, तो प्रयत्न बोर्डिंगच्या परंपरेतला. देणगीदारांसमोर मुलाची ओळख 'चोराचे पोर आता कसे सुधारले' अशी जेथे करून दिली जाते, तेथे इमारत कितीही नवी असली तरी 1911 च्या कायद्याचेच गृहीतक बोलत असते. असे वाक्य सद्भावनेने उच्चारले जाते, टाळ्याही मिळवते. समोर बसलेल्या मुलाने आपल्या बापाविषयी काय समजावे याचा विचार कोणी करीत नाही.

मदतीचा कागद

मूल घरीच वाढावे म्हणून महाराष्ट्रात 2005 पासून बालसंगोपन योजना आहे. तिला पुढे सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले आणि अनुदान दरमहा 2,250 रुपये करण्यात आले. तत्त्वतः रॉबर्ट्स यांना अभिप्रेत असलेला मार्ग तो हाच. परंतु तिच्यासाठी रहिवासाचा दाखला, शिधापत्रिका, शाळेचा दाखला, बँकेचे खाते असे सर्व लागते. रेणके आयोगाने 2008 च्या अहवालात भटक्या-विमुक्तांकडील कागदपत्रांच्या अभावाचा प्रश्न मांडला होता. जातीच्या दाखल्याची कथा आणखी गुंतागुंतीची आहे. फासेपारधी अनुसूचित जमातींच्या यादीत, तर पालपारधी आणि राजपारधी विमुक्त जातींच्या. पहिल्यांना 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, दुसऱ्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा. ज्यांच्या आजोबांची हजेरी पोलीस पाटलाकडे होत असे, पण ज्यांच्या नावे सातबारा कधी नव्हता, त्यांनी हा पुरावा कोठून आणावा? गुन्हेगार म्हणून केलेली नोंद हाच कित्येकदा या कुटुंबांच्या अस्तित्वाचा सर्वांत जुना शासकीय कागद असतो.

मूल रस्त्यावरून उचलून बालकल्याण समितीपुढे उभे करण्यास यांपैकी कोणताही कागद लागत नाही. 24 तासांच्या आत ते समितीपुढे हजर केले जाते, निवास मिळतो, जेवण मिळते, त्याच्या नावे संस्थेला अनुदानही मिळू शकते. वडील कारागृहात आणि आई मजुरीला असलेल्या नातवाला सांभाळणाऱ्या आजीला मात्र 2,250 रुपयांसाठी तलाठी, सेतू केंद्र, शाळा आणि जिल्हा महिला व बालविकास कार्यालय अशा फेऱ्या घालाव्या लागतात, आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच असतो : तुमचा पत्ता काय?